जागता गाव

मार्गशीर्ष महिना लागला म्हणजे दिवस आखडू लागतो. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, गुरे गोठ्यात येतात, चुलीचा धूर घरांच्या पाख्यांवर रेंगाळतो आणि आठ वाजले नाहीत तोच गावाची दारे एकामागून एक लागू लागतात. नऊच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. अशा वेळी गोधडी अंगावर ओढून घ्यावी आणि निजावे, यासारखे दुसरे सुख नाही.

परंतु मुलांनो, ही रात्र किती मोठी असते, याचा तुम्ही कधी हिशेब केला आहे काय? जून महिन्याच्या अखेरीस पुण्याच्या परिसरात रात्र सुमारे पावणेअकरा तासांची असते. २२ डिसेंबरच्या सुमारास तीच सुमारे तेरा तासांची होते. म्हणजे अंधाराच्या वाट्याला दोन तासांहून अधिक काळ जास्त येतो. त्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. उन्हाळ्यात माणसे अंगणात, ओट्यावर, गच्चीवर निजतात; कोणी ना कोणी कूस बदलताना जागे होते, खाकरते, कुत्र्याला हाकलते. हिवाळ्यात मात्र दारे-खिडक्या बंद आणि कानांवर पांघरूण! शेजारच्या घराची कडी वाजली तरी ती ऐकू येत नाही. शिवाय खरिपाचे पीक नुकतेच घरात आलेले असते. सोयाबीनची पोती पडवीत असतात, कापूस खोलीत रचलेला असतो, मळ्यात विजेची मोटार आणि तिची तार असते. चोराला यापेक्षा सोयीचा काळ कोणता?

आणि भय केवळ चोरांचेच असते असे नाही. रात्री एखादे म्हातारे माणूस दारात पडले, एखाद्या गोठ्याला आग लागली, तर त्याची हाक कोणाच्या कानी पडणार? म्हणून या दिवसांत सगळा गाव निजला, तरी गावातील कोणीतरी जागे राहिले पाहिजे. आता प्रश्न असा, की जागावयाचे कोणी?

पूर्वीच्या काळी या प्रश्नाचे उत्तर गावाने फार सोपे करून टाकले होते. गावाला तटबंदी असे, तटाला वेस असे आणि वेशीवर वेसकर असे. रात्री फिरून पहारा देणारा जागल्या असे. गावात कोण आले, कोण गेले, याची खबर त्याने पाटलाला द्यावयाची. ही व्यवस्था वरवर पाहता चांगली दिसते. परंतु तिच्यात एक मोठा अन्याय दडलेला होता. राखणीचे व निरोप पोहोचविण्याचे हे काम जन्मावरून ठरत असे. बहुतेक ठिकाणी ते महार समाजाकडे असे. थोडीशी वतनी जमीन आणि धान्याचे बलुते, एवढ्या मोबदल्यात त्यांनी रात्रंदिवस राबावयाचे; आणि ज्या गावाची वेस राखावयाची, त्याच गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवावयाचे! ज्याच्या जागण्यावर सारे निश्चिंत निजत, त्याच्या घराची राखण करण्यास कोणी नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली.

वतन गेले, हे योग्यच झाले. परंतु रात्र तर पूर्वीइतकीच मोठी राहिली. ज्या कामाचा भार एका समाजाच्या शिरावर होता, तो आता सर्वांनी वाटून घेणे क्रमप्राप्त झाले.

आज गावाच्या सुरक्षिततेची पहिली जबाबदारी अर्थातच पोलीस ठाण्याची आहे. परंतु एका ठाण्याच्या हद्दीत कितीतरी गावे आणि वाड्या असतात. प्रत्येक वळणावर शिपाई उभा करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. म्हणून गाव आणि ठाणे यांना जोडणारा एक दुवा लागतो. तो दुवा म्हणजे पोलीस-पाटील. जुन्या पाटलाप्रमाणे हे पद वंशपरंपरेने मिळत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानुसार गावातीलच लायक रहिवाशाची त्यावर नेमणूक होते. आज अनेक गावांत स्त्रियाही पोलीस-पाटील म्हणून काम पाहतात. गावातील गुन्ह्यांची माहिती वर कळविणे, गुन्हे होऊ न देण्याचा प्रयत्न करणे, पोलिसांना साहाय्य करणे, ही तर त्यांची कामे आहेतच. परंतु गावाचे आरोग्य आणि एकंदर स्थिती यांविषयीही वेळोवेळी कळविणे हे त्यांचे कर्तव्य आहे. कायदा करणाऱ्यांनी येथे मोठी दृष्टी दाखविली आहे. सुरक्षितता म्हणजे केवळ चोर पकडणे नव्हे, तर माणसांचे क्षेम पाहणे होय, हे त्यांनी ओळखले होते.

याच्या जोडीला ग्रामसुरक्षा दल असते. गावातील स्वयंसेवकांचे असे दल उभारण्याची तरतूद १९५१ च्या पोलीस अधिनियमात आहे. अशा दलाची रीत साधी असते. प्रत्येक आळीतून काही जण नावे देतात. त्यांच्या पाळ्या लावतात. रात्री चार-पाच जणांची टोळी विजेरी, शिट्टी आणि काठी घेऊन निघते. गावठाण, मंदिर, शाळा, दुकाने आणि बाहेरच्या वस्त्या असा फेरा घालते. पाळीवर कोण आहे, हे पोलीस-पाटलांना आणि ठाण्याला ठाऊक असते. यात मोठे शौर्य गाजवावे लागत नाही. चार माणसे बोलत-चालत फिरत आहेत, विजेरीचा झोत भिंतींवरून सरकत आहे, एवढे दिसले तरी चोराचा अर्धा धीर खचतो.

पूर्वी संकटाची वर्दी देण्यास हाकारे घालीत. आता दूरध्वनी हाताशी आला आहे. महाराष्ट्राच्या काही भागांत तर अशी योजना आहे, की एका ठरलेल्या क्रमांकावर कोणी संकटाची वर्दी दिली, की त्याच्याच आवाजातील निरोप गावातील नोंदलेल्या सर्व दूरध्वनींवर एकाच वेळी जातो. एका घरातील हाक क्षणात शंभर घरांत ऐकू येते. साधन नवे आहे. पण त्यामागील तत्त्व जुनेच आहे. हाक देणारा एक असावा आणि धावणारे अनेक असावेत. गाव करील ते राव काय करील, असे आपल्याकडे म्हणतात ते काही उगीच नव्हे.

परंतु गस्त कितीही चोख असली, तरी आपापल्या घरी दक्षता घेतली नाही तर ती व्यर्थ होय. परगावी जावयाचे असल्यास शेजाऱ्याला सांगून जावे. दाराला नुसती कडी न लावता कुलूप लावावे आणि किल्ली उंबऱ्यावरील कोनाड्यात ठेवू नये. ती जागा चोरालाही ठाऊक असते. दारासमोर एखादा दिवा रात्रभर जळू द्यावा. ज्या घरी म्हातारी माणसे एकटी राहतात, तेथे शेजाऱ्याने सकाळी एकदा हाक मारून पाहावे.

थंडीचा दुसरा शत्रू अग्नी होय. शेकोटीभोवती बसून शेंगा भाजण्याचा आनंद कोणाला नको असतो? परंतु कडब्याची गंजी, गोठा आणि गवताचे छप्पर यांपासून शेकोटी दूर असावी, आणि उठताना तिच्यावर पाणी किंवा माती टाकावी. राखेत दडलेला निखारा पहाटेच्या वाऱ्याने पुन्हा फुलतो. याहून घातक गोष्ट म्हणजे पेटलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून निजणे. पुरेशी हवा न मिळता कोळसा जळू लागला, की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. निजलेल्या माणसाला तो गुंगी आणतो, आणि त्या झोपेतून मनुष्य पुन्हा जागा होत नाही. शहरातील बंद न्हाणीघरात गॅसवर चालणारा पाणी तापविण्याचा बंबही असाच दगा देऊ शकतो. म्हणून विस्तव जेथे असेल तेथे हवा येण्यास वाट ठेवावी आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी.

तिसरे भय रस्त्याचे. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. उसाने भरलेल्या बैलगाड्या, मालमोटारी आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू असतात. पहाटेचे धुके पडलेले असते, गाडीला मागचा दिवा नसतो, आणि भरधाव येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला उसाची ती काळी भिंत अगदी जवळ आल्यावरच दिसते. गाडीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावली, तर दुरूनच ती चमकते. पट्टीस खर्च थोडा येतो; तिने वाचणाऱ्या जिवाची किंमत मात्र करता येत नाही. पहाटे रस्त्याने चालताना तुम्हीही उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून चाला. अंगावर फिकट रंगाचे वस्त्र असू द्या, आणि कानटोपीने मोटारीचा आवाज दबतो, हे विसरू नका. रात्रीच्या पाळीस वीज येते म्हणून शेताला पाणी देण्यास अनेकांना अंधारात जावे लागते. उसाच्या पट्ट्यात, विशेषतः जुन्नरसारख्या भागात, बिबट्याचा वावर असतो. तेथे एकट्याने जाऊ नये. बरोबर उजेड असावा आणि बोलत जावे.

उसाचा विषय निघाला, म्हणून आणखी एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधतो. ऊस तोडण्यासाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे या दिवसांत आपले घर सोडून येतात. गावाबाहेर माळावर त्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आई-बाप पहाटेच फडात जातात. लहान मुले कोपीपाशी राहतात. कोपीला कुलूप नाही, आग लागली तर विझविण्यास पाणी जवळ नाही. गावाची गस्त निघते तेव्हा ती या कोप्यांपाशीही जाते काय? आणि गेली तर कशासाठी जाते? त्यांची राखण करण्यासाठी, की त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी? मुलांनो, हा प्रश्न लहान दिसतो. पण गावाच्या साऱ्या पहाऱ्याची परीक्षा या एका प्रश्नात आहे.

अनोळखी माणूस दिसला की त्याच्याविषयी संशय येणे स्वाभाविक आहे. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. आपल्या देशात एके काळी हा भेद कायद्यानेच पुसून टाकला होता. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यासही लागू केला. त्याने काही जमातींत जन्माला येणाऱ्या माणसांवर, त्यांनी कोणताही अपराध केलेला नसताना, गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. कायदा पुस्तकातून गेला; पण मनांतून तो पुरता गेला आहे काय?

१ जुलै २०१८ या दिवशी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरली होती. बाजारात भिक्षा मागून पोट भरणारे, डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते. लोकांना त्यांचा संशय आला. कोणी त्यांची नीट विचारपूस केली नाही. पोलीस येईपर्यंत थांबण्याचा धीर कोणाला राहिला नाही. जमावाने केलेल्या मारहाणीत ते पाचही जण मरण पावले. त्यांचा अपराध कोणता होता? कोणताही नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. त्या दिवशी ती पाच घरांत अक्षरशः खरी ठरली. आणि लक्षात ठेवा, त्या जमावातील पुष्कळांना आपण आपल्या मुलांचे रक्षणच करीत आहोत, असे वाटत असेल. रक्षणाची इच्छा चांगली होती म्हणून कृत्य चांगले ठरत नाही.

म्हणून जागणाऱ्याने आपली मर्यादा ओळखली पाहिजे. पाहणे, विचारणे आणि कळविणे, एवढेच त्याचे काम. समोर गंभीर गुन्हा घडताना दिसला, तर सामान्य नागरिकही गुन्हेगारास धरू शकतो. परंतु २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सांगितले आहे, की धरलेल्या माणसास विनाकारण विलंब न लावता, आणि फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. तो पोलिसांनाही नाही, मग गस्तीवरील माणसास कोठून असणार? हातातील काठी वाटेवरचे साप-विंचू आणि कुत्री यांच्यासाठी आहे. ती माणसाच्या पाठीसाठी नव्हे.

समजा, मध्यरात्री गस्तीला एक अनोळखी मनुष्य भेटला. त्याला दमात न घेता विचारावे, ‘पाव्हणं, कोणीकडचे आपण? कोणाकडे जायचं आहे?’ कदाचित त्याची शेवटची बस चुकली असेल. कदाचित तो कोणाच्या तरी आजारपणाची वार्ता ऐकून आला असेल. तसे असल्यास त्यास इच्छित घरी पोहोचवावे. उत्तर पटले नाही, तर पोलीस-पाटलांना उठवावे, ठाण्याला कळवावे आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगाला कोणालाही हात लावू देऊ नये. संशयिताचे रक्षण हेही पहाऱ्याचेच काम आहे.

माणसे एकमेकांना ओळखत असतील, तर संकटाच्या वेळी अफवेचे बळ कमी होते, याचे एक ठळक उदाहरण आपल्या राज्यातच आहे. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. १९७० आणि १९८४ या वर्षी तेथे हिंदू-मुसलमानांच्या भीषण दंगली झाल्या होत्या. पुढे १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे आणि त्या भागातील पोलीस एकत्र बसू लागले, लहानसहान कुरबुरी वेळीच मिटवू लागले. पोलिसाला लोकांची नावे कळली आणि लोकांना पोलिसाचे. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या थंडीच्या महिन्यांत मुंबई दंगलींनी होरपळून निघाली. परंतु शेजारची भिवंडी शांत राहिली. तेथील शांतता काठीने राखली नव्हती. ती ओळखीने राखली होती.

आता तुम्ही विचाराल, ‘यात आम्ही मुलांनी काय करावे?’ रात्रीची गस्त हे तुमचे काम नव्हे. तुम्ही त्या वेळी निजावे हेच बरे. परंतु तुमच्या वाट्याचेही जागणे आहे. ११२ हा क्रमांक पाठ असू द्या. पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांपैकी कोणाचीही मदत त्यावर मागता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दूरध्वनी करताना घाबरून न जाता आपले नाव, गाव, जवळची ओळखीची खूण आणि काय घडले, हे क्रमाने सांगावे. गंमत म्हणून मात्र हे क्रमांक कधीही फिरवू नयेत. त्या क्षणी खऱ्या संकटातील कोणी तरी वाट पाहत असेल. भ्रमणध्वनीवर भयंकर बातमी आली, तर ती पुढे पाठविण्यापूर्वी वडीलमाणसांना दाखवा आणि विचारा, ‘हे कोणी पाहिले? कोठे घडले? केव्हा घडले?’ या तीन प्रश्नांपुढे बहुतेक अफवा टिकत नाहीत. शाळेतून परतताना सोबतीने या. आणि माळावरच्या कोपीत तुमच्याच वयाचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिचे नाव विचारा. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, तो अनोळखी उरत नाही.

रात्र वैऱ्याची आहे, जागे राहा, असे आपले वाडवडील सांगत आले. त्या जागण्यात कान उघडे असावेत, मन शांत असावे आणि हात कायद्याने बांधलेला असावा. आज रात्री पांघरूण ओढताना दूर कोठेतरी शिट्टी वाजेल, विजेरीचा झोत खिडकीवरून सरकेल. कोणाचा तरी काका, कोणाचा तरी भाऊ थंडीत कुडकुडत आपल्यासाठी फिरतो आहे, हे तेव्हा आठवा. त्याचा तो फेरा गावाच्या शेवटच्या घरापाशी संपू नये. तो माळावरच्या शेवटच्या कोपीपर्यंत जावा. आपल्या शिवारात त्या रात्री जो जो निजला आहे, तो प्रत्येक जण सकाळी सुखरूप उठला, तरच तो गाव खरा जागता गाव म्हणावयाचा.